पिंपाआडची शेवंती

शेवंतीच्या शेंड्यावर पान येणार की कळी, हे नुसत्या डोळ्यांना फार उशिरा कळतं. भिंगातून बरंच आधी कळतं. पान येणार असेल तर शेंड्याचं टोक अणकुचीदार असतं. कळी येणार असेल तर तेच टोक बसकं होतं, टाचणीच्या डोक्याएवढं, वरून किंचित चपटं, आणि भोवतीची कोवळी पानं त्याला जागा करून दिल्यासारखी जरा मागे सरतात. फरक तेवढाच.

पाण्याच्या पिंपाआड वाढलेल्या शेवंतीचा शेंडा तिने भिंगाखाली धरला तेव्हा टोक बसकं होतं. तिने दुसरा शेंडा पाहिला, मग तिसरा. पिंपाच्या आडोशातले सगळे बसके. त्याच गड्ड्याची एक फांदी मात्र आडोशाबाहेर, दाराच्या दिशेने झुकली होती. तिचं टोक अणकुचीदार.

ती उकिडवी बसली होती, तशीच बसून राहिली. कारण शोधावं लागलं नाही. ह्या घरची शेवंती गेली चार-पाच वर्षं फुलली नव्हती, आणि ती का फुलत नाही हे तिला जवळजवळ पहिल्यापासून ठाऊक होतं. हे एकच झुडूप का फुलणार, हेही लगेच कळलं.

तिने अंगठा आणि तर्जनी त्या शेंड्याखाली नेली. खुडायला क्षण पुरला असता. उन्हाळ्याच्या पहिल्या अर्ध्यात दोघी सासू-सुना हेच करत. वाढता शेंडा खुडला की बाजूने चार फुटतात, झुडूप बुटकं आणि भरदार होतं, फुलं उशिरा पण भरभरून येतात. उन्हाळ्याचा मध्य उलटला की मात्र हात लावायचा नाही, नाहीतर कळ्याच जातात. आत्ता खुडलं तर पुढच्या वर्षापर्यंत कुणाला काही कळलं नसतं. तिने बोटं मागे घेतली, भिंग खिशात टाकलं, गुडघ्यांची माती झटकली आणि कामावर निघून गेली.

वाफा सासूबाईंचा होता. फाटकापासून दारापर्यंतच्या अरुंद वाटेच्या डाव्या हाताला, लांबट. फाटकाशी जांभळे ॲस्टर, मध्ये जाड मांसल पानांचं सेडम, ज्याची फुलं आधी गुलाबी दिसतात आणि मग हळूहळू विटेच्या रंगावर जातात, आणि अगदी दाराशी शेवंती. सगळी दरवर्षी जुन्याच मुळांतून फुटणारी, थंडीला न जुमानणारी, आणि गल्लीतल्या सगळ्यांची फुलं संपल्यावर तोंड उघडणारी. उन्हाळ्यात फुलं काय, गटाराकाठच्या गवतालाही येतात, असं सासूबाईंचं म्हणणं. त्या ह्याला उशिरा येणाऱ्यांचा वाफा म्हणत. त्यात शेवंती सर्वांत उशिराची. तिचा रंग घासून ठेवलेल्या तांब्याचा, आणि गवतावर दहिवराचा पहिला पांढरा थर धरला तरी ती मान टाकत नसे.

लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला खोल्या दाखवायच्या आधी वाफा दाखवला होता. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते आणि खिशात भिंग बाळगते हे कळल्यावर, "म्हणजे आता ह्या घरात काही लपून राहायचं नाही," असं म्हणून त्या हसल्या होत्या. नणंदेने त्याच दिवशी तिचं नाव भिंगवाली ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं.

घराला नियम असा एकच होता, तोही सासऱ्यांच्या वेळचा. दारावरचा दिवा अंधारून आलं की लावायचा, आणि जो शेवटी घरी येईल त्याने मालवायचा. सासरे छापखान्यातून येत, नणंद शिकवणीवरून, तिचा नवरा, तेव्हा पोरगा, मैदानावरून. जेवायच्या वेळेपर्यंत कुणीतरी शेवटचं आलेलं असे. आत स्वयंपाकघरात बटणाचा आवाज ऐकू आला की सासूबाई मागे वळून न बघताच ताटं मांडायला घेत. सगळे आले.

तिच्या नवऱ्याला घरात सगळे धाकटाच म्हणत, बहिणीपेक्षा लहान म्हणून. मिशीत पांढरे केस आले तरी तो धाकटाच. शहराला पाणी देणाऱ्या तळ्याची खोली मोजणं, गाळ कुठे किती साचला ते बघणं हे त्याचं काम. एका उन्हाळ्याच्या शेवटी तो सकाळी एकटाच होडी घेऊन गेला, दुपारी वारा सुटला, आणि संध्याकाळी होडी पालथी मिळाली. तो मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, महिन्यानेही नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंनी दिवा लावला आणि तो मालवायला कुणी आलं नाही. तेव्हापासून त्या उजाडल्यावर बटण बंद करत आणि अंधारून आलं की पुन्हा लावत. मधली सगळी रात्र दिवा जळत राही.

शेवंतीला फुलायला रात्र लागते. मोठी, अखंड, काळोखी रात्र. दिवस लहान होऊ लागले, रात्री लांबल्या, की ते तिच्या पानांना जाणवतं आणि शेंडा पानांचं काम सोडून कळीच्या कामाला लागतो. दारावरच्या पिवळ्या दिव्याने ती रात्र मोडत होती. झाडांच्या हिशेबी उन्हाळा संपतच नव्हता. ती हिरवी, धडधाकट, उंच वाढत राहत आणि थंडी पडली की तशीच न फुलता काळी पडत.

हे ती महाविद्यालयात शिकली होती, तेही सोपं प्रकरण म्हणून.

दुसरी एक गोष्टही तिला ठाऊक होती. ते तळं खोल होतं, आणि खोल तळ्याच्या तळाचं पाणी बारा महिने गार असतं. बुडालेला माणूस वर येतो तो शरीरात वायू धरतो म्हणून, आणि इतक्या गारठ्यात, इतक्या खोलीवर तो धरत नाही. शोध घेणाऱ्यांनी काठ पालथे घातले तेव्हा त्या पहिल्याच आठवड्यात तिला हे कळून चुकलं होतं. तळाच्या पाण्याचं तापमान आठवड्याला तीच मोजत असे. ह्या दोन्ही गोष्टींबद्दल तिने घरात चकार शब्द काढला नव्हता.

पहिल्या वर्षी शेवंतीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, आपण खुडायला उशीर केला. तिसऱ्या वर्षी त्यांनी मातीवर खापर फोडलं, आणि दोघींनी वाफ्याची माती उपसून नवी भरली. सासूबाई फावडं मारत होत्या आणि ती घमेली उचलत होती. पाठ मोडून निघाली. ह्याचा काडीचा उपयोग नाही हे माहीत असताना ती घमेल्यामागून घमेलं फाटकाबाहेर नेऊन ओतत राहिली. चौथ्या वर्षी सगळे गड्डे उकरून, मधला जून, लाकडासारखा भाग टाकून देऊन, कडेचे कोवळे धुमारे पुन्हा लावले. ते बरोबरच होतं, दर तीन-चार वर्षांनी करायलाच हवं. फुलं तरीही आली नाहीत. त्या वर्षी सासूबाईंनी कुणावरच खापर फोडलं नाही. नुसत्या दाराशी उभ्या राहून त्या हिरव्या झुडपांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "घराकडे बघून झाडं वागतात, दुसरं काय."

आणि ह्या उन्हाळ्यात पन्हळ निखळली. पावसाचं पाणी दाराजवळ पडू लागलं, म्हणून तिने कोपऱ्यातलं पिंप सरकवत आणून पायरीशी, वाफ्याच्या कडेला ठेवलं. सावली कुठे पडेल हे तेव्हा मनात आलं होतं की नाही? तिने स्वतःला विचारून पाहिलं. खात्रीचं उत्तर मिळालं नाही.

कळ्या मटाराच्या दाण्याएवढ्या झाल्या तेव्हा सासूबाईंना दिसल्या. ती कामावरून आली तर त्या फाटकाशीच उभ्या. तिची पिशवी काढून घेऊन त्यांनी तिचा हात धरला आणि तिला वाटेने ओढतच नेलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हाताला एवढा जोर कुठून आला, असं तिला वाटलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "भिंग काढ नाहीतर नको काढू. मला दिसतात."

ती वाकून बघितल्यासारखं करत राहिली.

"एकालाच आल्या आहेत. सगळ्यांत दाराजवळच्याला. हा त्याने लावलेला."

गेल्या वर्षी सगळे गड्डे उकरून एका ढिगात टाकले होते. कुठला कुणी लावलेला हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. पण सासूबाईंचा चेहरा इतका मोकळा तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"तो येतोय गं," सासूबाई हळूच म्हणाल्या, एखादी आनंदाची बातमी कुणी चोरून ऐकू नये तशा. "हे उमलेल त्या दिवशी येतो की नाही बघ."

घरात एकदम कामं निघाली. धाकट्याची गादी उन्हात पडली. त्याचा जाड कोट पेटीतून बाहेर आला, त्याच्या बाहीला कसर लागली होती ती सासूबाईंनी दोन दुपारी बसून रफू केली. दाढीचं सामान घासूनपुसून खिडकीत ठेवलं गेलं. ती संध्याकाळी घरी येई तेव्हा काहीतरी नवं झालेलं असे. शेजारणीच्या कानावर तर ते पहिल्याच दिवशी गेलं होतं, आणि शेजारीण म्हणजे गल्लीचा भोंगा. बेकरीतल्या बाईने पाव देताना तिचा हात दाबला आणि डोळे पुसले.

कामावर तळ्याचं पाणी आणणारा नावाडी होता. पालथी होडी दोराला बांधून ओढत आणली होती ती त्यानेच. तेव्हापासून तो पाण्याच्या बाटल्या तिच्या मेजावर ठेवी आणि तिच्याकडे न बघता निघून जाई. त्या आठवड्यात मात्र तो बाटल्या ठेवून तिथेच घुटमळला. मग घसा साफ करून त्याने विचारलं की, लोक म्हणतात ते खरं का, साहेबांचा पत्ता लागला का. त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते बघून तिला खरी भीती वाटली. एवढ्या वर्षांचं ओझं उतरवून ठेवायला त्या माणसाला कुणीतरी जागा दाखवली होती, आणि ती जागा खोटी होती. तिने नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "मलाही तसंच वाटलं होतं, बाई," आणि गेला. तिने खोल पाण्याच्या बाटलीवर तापमान लिहिलं. नेहमीचंच होतं.

सुट्टीच्या दिवशी नणंद आली. नणंद म्हणजे आडवं बोलणारी, पण वेळेला धावून येणारी बाई. आईशी तिचं कधी पटलं नाही, आणि आईला तिच्यावाचून करमलंही नाही. आल्या आल्या तिने आईच्या हातात एक पुडकं दिलं, आईने ते उघडून बघितलं आणि समाधानाने आत नेलं. मग स्वयंपाकघरात भांडी विसळताना नणंदेने नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये.

"काय आणलंय मी, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "मोजे. जाड लोकरीचे. आईचा फोन, धाकट्याला थंडीचे मोजे लागतील, येताना आण. दुकानात उभी राहिले, तर तो दुकानदार विचारतो, माप काय? आणि मी सांगितलं गं. मला आठवत होतं."

ती हसली, आणि हसता हसता तिने ओल्या हातानेच डोळे पुसले. भिंगवालीने तिच्यापुढे कोरडं फडकं धरलं.

थोड्या वेळाने नणंद शांत झाली. तिचं म्हणणं सरळ होतं. हे आता थांबवायला हवं. तिने स्वतः दोनदा सांगून पाहिलं होतं, एकदा पहिल्या वर्षी, एकदा मागच्या हिवाळ्यात. पहिल्या वेळी आईने तिच्याशी बोलणं टाकलं आणि दुसऱ्या वेळी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. मुलीने सांगितलं की ते वाकडंच वाटतं. सुनेने सांगितलं तर वेगळं.

"तू कधी तोंड उघडलं नाहीस," नणंद म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "म्हणून तिला वाटतं, तूही वाट बघते आहेस. तू बघते आहेस का, भिंगवाले?"

नळ वाहत होता. तिने तो बंद केला. खरं सांगायचं तर उत्तर तिला ठाऊक होतं, आणि तेच अवघड होतं. तो येणार नाही हे तिला जेवढं कळत होतं तेवढं ह्या घरात कुणालाच कळत नव्हतं. तरी रोज संध्याकाळी वळणावरून तो पिवळा दिवा दिसला की तिची पावलं जरा भरभर पडत. दिवा लागला आहे तोवर ती कुणाची तरी बायको होती. तो मालवल्यावर ती कोण, ह्याचा विचार तिने पुढे पुढे ढकलला होता, आणि त्यासाठी एका म्हाताऱ्या बाईला वाफ्याची माती उपसू दिली होती.

जाताना नणंद फाटकाशी थांबली. म्हणाली की फूल उमलायच्या आत सांग. उमललं आणि तो आला नाही, म्हणजे मग आईचं काय होईल ते मला बघवणार नाही.

थंडी वाढली. सकाळी गवत पायाखाली कुरकुरू लागलं. ॲस्टर भरात होते, सेडम विटकरी झालं होतं, आणि पिंपाआडच्या कळ्या फुगत चालल्या होत्या. सासूबाई संध्याकाळी दिवा लावून झाला की दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागल्या. पहिल्या दिवशी थोडा वेळ. मग पांघरूण घेऊन, जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत. त्यांना खोकला झाला. ती आत चला म्हणाली की त्या म्हणत, तो आला आणि दारात कुणी नसलं तर त्याला काय वाटेल, आधीच उशीर झाला म्हणून ओशाळलेला असणार. खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि गारठ्यात बसू नका म्हणून बजावलं. सासूबाईंनी औषध घेतलं आणि खुर्चीवर एक उशी वाढवली.

त्या संध्याकाळी ती कामावरून वळणावर आली तेव्हा दिवा लागलेला होता. फाटक उघडून ती वाटेने आत आली. सासूबाई खुर्चीत होत्या, खांद्यापर्यंत पांघरलेल्या, आणि मांडीवर ते लोकरीचे मोजे. पिंपाआड सर्वांत मोठ्या कळीचं हिरवं वेष्टण फाटलं होतं. फटीतून तांब्याच्या रंगाची एक रेघ दिसत होती.

"उद्या उमलेल," सासूबाई म्हणाल्या. "फार तर परवा."

तिने पिशवी पायरीवर ठेवली आणि खुर्चीशेजारी, वाफ्याच्या कडेला खाली बसली. जमीन गार होती. पिंपाच्या आडोशातली एक फांदी तिने एका हातात धरली आणि दाराकडे झुकलेली दुसऱ्या हातात, आणि दोन्ही जवळ आणून सासूबाईंना दाखवल्या. एकीला कळ्या होत्या. दुसरीला नुसती पानं. झाड एकच, मूळ एकच, माती एकच. मग तिने सांगायला सुरुवात केली. एकदा सुरू केल्यावर ते फार सोपं होतं, विद्यार्थ्यांना सांगावं तितकं सोपं. रात्र लागते, अखंड लागते, दिव्याने ती मोडते, पिंपामुळे ह्या एवढ्या भागाला अंधार मिळाला. खाली पडलेल्या सावलीची कड तिने बोटाने मातीवर दाखवली. सासूबाई ती कड बघत राहिल्या. त्यांचा श्वास घरघरत होता.

"म्हणजे दिव्यानं," त्या अखेर म्हणाल्या.

"हो."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्यापासून."

गल्लीतून एक सायकल गेली. मग सासूबाई म्हणाल्या, "मी माती उपसत होते. तू घमेली उचलत होतीस."

"हो, आई."

"मला वेडी समजत होतीस?"

"नाही. तुम्हाला सांगितलं तर दिवा बंद होईल असं वाटलं. मलाच तो बंद व्हायला नको होता."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा रागावेल, रडेल, तोंड फिरवेल, ह्या सगळ्याची तिने तयारी केली होती. पण सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली ती विचाराची. त्या जन्मभर झाडं लावत आल्या होत्या, आणि झाडाचा प्रश्न पुढे आला की त्यांचं डोकं आपोआप चालू लागे.

"मग त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "मागे पोती पडली आहेत. संध्याकाळी झाडांवर घालू, सकाळी काढू. झाडांना अंधार मिळेल, आणि दिवाही राहील."

उपाय अगदी बरोबर होता. तो तिला दुसऱ्याच वर्षी सुचला होता. तेव्हा पोती कशाला असं त्या विचारतील म्हणून तिने तो मनातच ठेवला होता. आता विचारायचं काही उरलं नव्हतं. हो म्हटलं असतं की झालं असतं. पुढच्या वर्षी वाफाभर तांब्याची फुलं, दारावर दिवा, खुर्चीत सासूबाई. तिला आपल्या दोघींची संध्याकाळ दिसली, एका बाजूने तिने पोतं धरलेलं, दुसऱ्या बाजूने त्यांनी, आणि अशा किती संध्याकाळी.

सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत तिने त्यांची पाठ धरून ठेवली. पांघरुणातूनही हाडं हाताला लागत होती. एक मोजा मांडीवरून घसरून मातीत पडला. तिने तो उचलला, झटकला, पण परत दिला नाही.

"आई, तळ्याचं पाणी खाली फार गार असतं," ती म्हणाली. "मी ते दर आठवड्याला मोजते. तिथून कुणी वर येत नाही."

"ठाऊक आहे गार असतं ते," सासूबाई म्हणाल्या. त्या कळीकडे बघत होत्या. "म्हणून तर मोजे आणायला सांगितले."

दिव्याभोवती थंडीने अर्धमेलं झालेलं एक पाखरू फिरत होतं आणि काचेवर आपटत होतं. सासूबाईंनी दुसरा मोजा घडी करून मुठीत धरला, घट्ट. त्यांनी वर पाहिलं नाही. आता त्या नकोही म्हणत नव्हत्या आणि होही म्हणत नव्हत्या. ते कुणीतरी दुसऱ्याने म्हणावं म्हणून त्या इतकी वर्षं ह्या दारात बसल्या होत्या, असं तिला वाटलं.

ती उठली. गुडघ्यांना माती लागली होती, ती तिने तशीच राहू दिली. उंबरठा ओलांडून ती आत गेली, बटणाशी थांबली आणि वळली. दिव्याचा पिवळा उजेड सासूबाईंच्या पांढऱ्या केसांवर, पिंपाच्या कडेवर आणि हिरव्या, नुसत्या पानांच्या झुडपांवर पडला होता.

"आई, शेवटची मी आले आहे," ती म्हणाली. "आता कुणी यायचं राहिलेलं नाही. दिवा मी मालवते."